बाभळीच्या डब्याची कडी

मिरजगाव, ता. कर्जत
११ डिसेंबर २०२५

सौ. गोजरबाई विहीणबाई यांना रामहरीचा नमस्कार. श्रीमंतराव व्याह्यांनाही सांगावा. इकडे थंडी चांगली पडली आहे, ज्वारी कमरेला लागली आहे. मागच्या अमावस्येला तुमच्या दुकानावर गर्दी बरी झाली असेल. रोहिणी माझ्याजवळ सुखरूप आहे.

हल्ली पत्र कोण लिहितं, असं तुम्ही म्हणाल. पण फोन केला की तुम्ही तो स्पीकरवर ठेवता. मग तुमची जाऊ, दुकानातला माणूस, चहाला आलेले पाहुणे, सगळेच माझ्याशी बोलायला लागतात आणि माझी बोबडी वळते. म्हणून हे कागदावर. तुम्ही एकटीनेच वाचावं, एवढी विनंती.

तुमचा निरोप मिळाला. शिंगणापूरच्या सुनेला कडी-कुलपाचा डबा देऊन मी शनिदेवाचा अपमान केला. मी माफी मागावी, मग पोरीला नांदायला घेऊ, असा. देवाची माफी मी मागून आलो. गेल्या शनिवारी तेल वाहिलं, नाक घासलं. जाताना तुमच्या घरावरूनच गेलो, पण आत यायचा धीर झाला नाही.

आता डब्याचं. आमच्या बांधावरची बाभूळ वादळात पडली, तेव्हा तिचा बुंधा मी शेडमध्ये वाळत टाकला होता. पिठाच्या गिरणीची जुनी मोटर लावून मी घरीच लेथ बसवलाय, तो तुम्ही पाहिलाय. तुमचं पोळपाट-लाटणं त्याच्यावरचंच. बाभूळ कातायला कठीण, पटाशीची धार सारखी मरते. पण पोरीसाठी करतोय म्हणून हात चढला होता. झाकण इतकं नेमकं बसलं की दाबताना आतली हवा फुस्स करून बाहेर यायची. मी चार-पाच वेळा उगाचच उघडलं आणि लावलं. मग त्याला पितळी कडी ठोकली, बारकं कुलूप अडकेल अशी. तुमच्याकडे घराला दार नसतं, कपाटालाही कुलूप नसतं, हे कामाच्या नादात विसरलो.

खोटं कशाला लिहू? विसरलो नव्हतो.

दिवाळीला रोहिणी आली तेव्हा मी भोवरे कातत होतो. भंडारदऱ्याच्या एका दुकानदाराला पर्यटकांसाठी हवे होते. ती शेडच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, तितं मला रडायला बी आडोसा न्हाई ओ."

मी मोटर बंद केली नाही. वरून हसलो. "आगं, शिंगणापूरला दारं न्हाईत हे साऱ्या मुलखाला ठावं हाय. तुला आता कळलं व्हय?"

तीही हसली. "व्हय," म्हणाली आणि केरसुणी घेऊन भुसा झाडायला लागली.

आता तुम्हीच बघा माझी अक्कल. पोरीला आडोसा हवाय ना, मग करून देऊ, त्यात काय. मला ते लाकडाचं काम वाटलं. भाऊबीज झाल्यावर निघताना डबा तिच्या हातात ठेवला आणि बापाने काहीतरी केलं म्हणून स्वतःवरच खूश झालो. तुला रडायचंय कशासाठी, हे विचारलंच नाही. तिची आई पुष्पावती आज असती तर तिने आधी येऊन मोटरचं बटण बंद केलं असतं.

पुढचं तुमच्या डोळ्यांसमोर घडलं. डब्याला कुलूप दिसलं, तुम्ही किल्ली मागितली, तिने दिली नाही. मग जावई कल्याणरावांनी तुमच्या जावेसमोर आणि पाहुण्यांसमोर पक्कड घालून कडी उपटली. आत सोनं असेल असं तुम्हाला वाटलं असेल. निघालं झबलं. पांढरं, बोटभर बाह्यांचं, तिने हाताने शिवलेलं.

श्रावणात तिचं तीन महिन्यांचं पोट पडलं, हे ती इकडे परत आल्यावर मला परवा कळलं, तिच्याच तोंडून. व्याह्यांना कशाला काळजी, असं तुम्हाला वाटलं असेल, आणि चांगल्या मनानेच वाटलं असेल. पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसाला ते ठाऊक होतं. जो येई तो तिच्यासमोर बसून हळहळे, अमका डॉक्टर, तमका नवस सांगून जाई. त्यांचंही वाईट मी म्हणत नाही. पण तिला घटकाभर कोणी एकटं सोडलं नाही, आणि तिच्याजवळ बसून तिचं कोणी ऐकलंही नाही. गावच्या रीतीला मी नावं ठेवत नाही, विहीणबाई. बिनदाराच्या घरात कितीतरी पोरी सुखाने नांदतात.

झबलं पाहून कल्याणरावांनी मान खाली घातली, असं ती सांगते. जावई वाईट नाहीत. पण त्यांनीही तिला काही विचारलं नाही, म्हणजे ते आणि मी सारखेच.

तुम्ही म्हणाल, पाठवता कधी? काल मोटर बंद करून मी तिला विचारलं, "पोरी, तुला जायचंय का?" ती मग म्हणाली, "त्यांनी यावं. न्यायला नगं. बसायला यावं." ते तेवढं तुम्हाला कळवतो. कल्याणरावांना एकट्यालाच धाडा. भाकरी मी थापीन आणि रानात निघून जाईन. ते दोघं बोलतील. नाही जमलं तर पोरगी माझ्याकडे राहील, तिचं मला ओझं नाही.

राहिली माफी. तीच लिहायला बसलो होतो, पण तुमच्या नावाने हात चालेना. जिची मागायची ती माझ्याच घरात होती. आज सकाळी शेडमध्ये चहा घेऊन आली तेव्हा मागितली. ती रडली, विहीणबाई. माझ्या सदऱ्यात तोंड खुपसून, भुशात बसून, पोटातून रडली. श्रावणातलं रडणं तिला मार्गशीर्षात रडावं लागलं, आणि हे माझ्यामुळे झालं. तुमच्या डोक्यावर ते घालायला मी हे लिहीत नाही.

व्याही म्हणून सही करायचं मनात होतं. आज नको.

रोहिणीचा बाप,
रामहरी