बेटावरचा पाचवा बँड

३ मार्च

‘बेटावर पाचच बँड न्यायचे. सहावा हवा असेल तर पोहत परत जायचं!’ — दादा म्हणाला होता. मी सातवीत, तो बारावीत. आमचा खेळ होता — निर्जन बेटावर जन्मभर ऐकायला हेवी मेटलचे कोणते बँड न्यायचे. जिन्याखालची खोली, दोघांत एकच टेपरेकॉर्डर, त्याचं झाकण रबरबँडने बांधलेलं. आज दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ते वाक्य आठवलं. डॉक्टरीणबाईंचं बोलणंही त्याच चालीचं होतं — दोन्ही मिळणार नाहीत, एक निवडा.

दादाच्या उजव्या कानाच्या नसेवर गाठ आहे. कॅन्सर नाही, पण मेंदूला खेटून बसलीय. सगळी काढली तर ऐकणंही जाणार. कान ठेवायचा तर थोडी गाठ आत सोडावी लागणार, ती पुन्हा वाढू शकते, आणि मग गाठ जिवाशी. डावा कान तर लहानपणीच गेलेला. म्हणजे सगळी मदार या एकावर.

दादाने क्षणभरही विचार केला नाही. ‘कान ठेवा.’ मी लगेच मान डोलावली. वहिनी मात्र त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

५ मार्च

सकाळीच दादाचा फोन. ‘टिटवे, यादी पक्की करून टाकू. ऑपरेशनात कान गेलाच, तर रिकाम्या हाताने बेटावर नको जायला.’

हसला. मीही हसले. फोन ठेवल्यावर उगाच कपाट आवरायला काढलं आणि अर्धवट टाकून उठले.

चार बँडवर आमचं भांडण कधीच नव्हतं. ब्लॅक सॅबथ — जड कपाट जिन्यावरून ओढत न्यावं तसा तो आवाज, तरी मला त्यात शांत वाटतं. आयर्न मेडन, कारण त्यांचा ठेका घोडदौडीचा; बेटावर घोडे नसणार, टापा तरी हव्यात. मोटरहेड दादासाठी. मेटालिका — ‘जुनीच, नंतरची किनाऱ्यावर ठेव.’ पाचव्यावर घोडं अडतं. त्याला स्लेयर, मला डिओ. तीस वर्षं झाली.

६ मार्च

स्लेयर म्हणे! बेटावरचे मासेसुद्धा गाव सोडतील.

८ मार्च

दादाकडे गेले. आज सॅबथचा दिवस होता. रोज एक बँड, सकाळपासून तोच — पोटभर ऐकून घ्यायचा, म्हणजे मुरतो, असं त्याचं म्हणणं. उजवा कान स्पीकरला लावून, डोळे मिटून बसला होता. लिफ्ट दुरुस्त करायला जातो तेव्हाही असाच मोटरीला कान लावतो.

वहिनी स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. मी आत गेले तर म्हणाली, ‘ताई, लेकीने हॉस्टेलवरून फोन केला होता. हे म्हणाले, गाणं संपू दे.’

‘वहिनी, तो घाबरलाय गं.’

‘आणि मी नाही? तुम्ही दोघं जा बेटावर! पंचवीस वर्षांत कधी विचारलंत मला, तुला कोण हवंय म्हणून?’

मी एक ताट पुसायला घेतलं. मग विचारलं, ‘कोण हवंय?’

‘हे,’ ती म्हणाली, ‘बहिरे चालतील.’

बाहेर येऊन बसले. दादाने ओरडून विचारलं, ‘काय म्हणते?’ मी म्हटलं, काही नाही.

११ मार्च

आज एक वेडेपणा केला. दातांच्या लॅबमध्ये दिवसभर दोन्ही कानांत मेणाचे बोळे घालून बसले. कवळ्या घासताना मशीन कर्कश ओरडतं, तेव्हा घालतोच. आज काढलेच नाहीत. मालकीणबाई दोनदा हाका मारून शेवटी खांद्यावर चापट मारून गेल्या. ‘काय, समाधी लागली का?’

सुरुवातीला नुसता माझाच श्वास. भीती वाटली. मग एक कवळी गुळगुळीत होत आली आणि डोक्यात मेडन सुरू झालं. अख्खं! ड्रम, दोन्ही गिटारी — आणि आमच्या कॅसेटची फीत जिथे गुंतली होती, तिथला तो डुगडुगता आवाजसुद्धा. पेन्सिलने फीत गुंडाळणारा दादाचा अंगठा दिसला.

म्हणजे ते आत असतंच. कानाला विचारून राहत नाही.

पण संध्याकाळी बोळे काढले, रस्त्यावर कुणीतरी कुणाला ‘थांब ना गं’ म्हणालं, आणि मला रडूच फुटलं. हे साधं ‘थांब ना गं’ कुठून आणायचं?

काही सुचत नाही. जेवले नाही नीट.

१४ मार्च

दादा भिंतीला हात लावून चालतो. मी आज पाहिलं. मी पाहिलं तसा त्याने हात खिशात घातला. ‘बूट घसरतो.’ पायात बूट नव्हते!

वहिनीला विचारलं. म्हणाली, ‘महिना झाला. शिडीवर चढायचं बंद केलंय. तुला सांगू नको म्हणाले.’

मला सांगू नको. का? कान ठेवायला मी डोलावलेली मान मागे घेईन म्हणून?

१५ मार्च

एक जागी बसवत नाही. तीन साचे बिघडवले. मालकीणबाईंनी घरी पाठवलं.

१७ मार्च

पुन्हा तपासणी. गाठ या दोन आठवड्यांत वाढलेली नाही, पण चालण्यातला तोल तिच्यामुळेच जातोय. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, ‘आत ठेवलेली गाठ गप्प बसेल, याची हमी मी देत नाही. परवा ऑपरेशन. उद्या दुपारपर्यंत मत बदलू शकता.’

‘बदलायचं नाही,’ दादा.

परतताना रिक्षात त्याच्या उजव्या बाजूला बसले. मग एकदम —

‘टिटवे, डिओ घे.’

‘काय?’

‘पाचवा. डिओ. स्लेयर सोडला मी.’

मी म्हटलं, ‘बरं.’ त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि बाहेर बघत बसला.

तीस वर्षं. बाबांनी टेपरेकॉर्डर गच्चीवर नेऊन ठेवला तेव्हा नाही सोडला. माझं लग्न मोडलं, मी महिनाभर त्याच्याकडे राहिले, मला बरं वाटावं म्हणून रोज डिओ लावायचा — तेव्हाही बजावायचा, ‘हे इथे. बेटावर नाही.’ आणि आज रिक्षात, मी न मागता.

निघणारी माणसं असं वाटून टाकतात.

१८ मार्च

पहाट आहे. उजाडताच दादाकडे जाणार आहे, वहिनीलाही जवळ बसवणार आहे. त्याच्या उजव्या कानाशी बसून म्हणणार आहे — दादा, कान देऊन टाक. सगळी गाठ काढू दे. स्लेयर घेऊन जा, दहा बँड घेऊन जा, मी भांडणार नाही. पण तू राहा. तो म्हणेल, ‘टिटवे, ऊठ, मला ऐकू दे.’ ठाऊक आहे मला. तरी म्हणणार.