दोन मजल्यांमधली तटस्थता

२० ऑगस्ट, बुधवार
आज कॉलेजात मुलांना नवजात अमेरिकेचं परराष्ट्र धोरण शिकवलं. इंग्लंड-फ्रान्स भांडले, अमेरिका मध्ये पडली नाही, दोघांशी व्यापार केला. घरी येतो तर हेच युद्ध! यंदा महालक्ष्म्या खाली दादाकडे बसणार की वर आमच्याकडे, यावरून माझी बायको मंजिरी आणि अमितावहिनींचं बोलणं बंद. मी तटस्थता जाहीर केली. मंजिरी नुसतं 'बरं' म्हणाली. म्हणजे पटलं.

२१ ऑगस्ट
खाली पोहे, वर पोहे-जिलेबी. तटस्थतेचे फायदे आहेत. दादा उघडपणे आपल्या बायकोच्या बाजूने. दूरदृष्टी शून्य.

२३ ऑगस्ट
वहिनींनी विचारलं, वर काय शिजतंय. सांगितलं. मंजिरीने विचारलं, खाली काय म्हणतात. तेही सांगितलं. समान न्याय! तर दोघी मला हेर ठरवून मोकळ्या. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, वरच खा. मंजिरी म्हणाली, खालीच खा. दोन्ही बंदरं बंद.

२५ ऑगस्ट
आता मीच बहिष्कार टाकला. घरचं अन्न वर्ज्य. अमेरिकेनेही असाच व्यापार तोडला होता. त्यात नुकसान कोणाचं झालं ते पुढच्या पानावर आहे, वेळ मिळाला की वाचतो.

२६ ऑगस्ट
मंजिरी सारखी खाली जाते. भांडायलाच, दुसरं काय.

२७ ऑगस्ट
गणपती बसले. मोदक नाकारला. कोणी आग्रह केला नाही. दबाव वाढतोय त्यांच्यावर.

२९ ऑगस्ट
चार दिवस कचोरी. कचोरीवाल्याने विचारलं, भिया, घर पे सब बढ़िया? पोट बिघडलंय, धोरण ठाम आहे.

३१ ऑगस्ट
महालक्ष्म्या आज येणार आणि अजून निर्णय नाही. मध्यस्थीला मलाच बोलावतील. कुर्ता इस्त्री केला, चार शब्दही जुळवून ठेवले.

१ सप्टेंबर, सोमवार
महालक्ष्म्या कालच खाली बसल्या. स्वयंपाक वर, मंजिरीच्या ओट्यावर. पुढच्या वर्षी उलट. हे म्हणे चोवीस तारखेलाच ठरलं होतं. मला का नाही सांगितलं, असं विचारलं तर वहिनी म्हणाल्या, भाऊजी, तुम्हीच म्हणालात ना की बीच में नहीं पड़ना, तर म्हटलं कशाला परेशान करा.
मला फार वाईट वाटलं. भूकही फार लागली होती. पण पंगतीत माझं पानच नव्हतं. हे हल्ली घरचं खात नाहीत, असं मंजिरीने सगळ्यांना सांगून ठेवलंय. माझ्या हातात तुपाची वाटी दिली.
दादाने चौथी पुरणपोळी घेतली. मी तूप वाढलं.