रांजणवाडीच असेल

दहिसर,
३ फेब्रुवारी १९८६

ती. सौ. जानकीताईस,
विमलाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. फक्त उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीत पुन्हा गाठ आली आहे, त्याच जागी. नाक्यावरच्या डॉक्टरांनी दोनदा चिरून काढली, रांजणवाडीच म्हणाले. दुखत मुळीच नाही. तेवढ्या जागचे केस मात्र गळलेत. आमची शकु म्हणते, आईने पापणी अर्धीच आणली.

रांजणवाडी होणारच म्हणा. तुझ्या रत्नप्रभेला लग्नात आईची नथ दिली आणि शकुचं ठरल्यावर परत मागून घेतली. तिच्या मनाला लागलं का गं? मला फार वाईट वाटतं.

माया पातळ करू नकोस.
तुझी विमला

कणकवली,
१४ फेब्रुवारी १९८६

चि. सौ. विमलास अनेक आशीर्वाद.

दिलेलं परत घेतलं की रांजणवाडी होते, हे आईने आपल्याला शेंगदाण्यांवरून भांडताना सांगितलेलं. तू ते अजून धरून बसलीस? हसून पुरेवाट झाली. पण मनाला बोचत असेल तर दे पाठवून नथ. लवंग उगाळून लाव आणि आता तिसऱ्यांदा चिरून घेऊ नकोस. डोळ्याचं काम नाजूक.

सर्वांना आठवण सांग.
जानकी

दहिसर,
९ जुलै १९८६

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नथ पाठवली, लवंग लावली आणि पावसाळा लागेपर्यंत वाट बघितली. गाठ वाढतच गेली, तेव्हा ह्यांनी मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरबाईंनी समजावलं, की रांजणवाडी लाल होते, ठणकते, पिकून फुटते. न दुखणारी साधी गाठही असते, पण पुन्हा पुन्हा त्याच जागी येणारी, केस गाळणारी गाठ तपासायलाच हवी. आधी काढलेला तुकडा तपासला होता का, असं त्यांनी विचारलं. दोन्ही वेळा तो टाकूनच दिला होता.

कॅन्सर आहे, ताई. वेळेवर आले असते तर नुसत्या पापणीवर भागलं असतं म्हणे. आता डोळा काढावा लागणार.

तू स्वतःला बोल लावशील, तो लावू नकोस. मलाही तेच ऐकायचं होतं. वाईट याचंच वाटतं, की नसलेलं पाप फेडत बसले आणि दुखत नाही म्हणून खुशाल राहिले.

पुढच्या शुक्रवारी ऑपरेशन आहे. या वेळी माया पत्रातून नको, तू स्वतः ये. तुला एकदा दोन्ही डोळ्यांनी बघून घ्यायचं आहे.

तुझी,
विमला