गोठ्यातली मोटार

९ एप्रिल

गोठ्यात मोटार! बैलांच्या गोठ्यात, गव्हाणीकडे तोंड करून उभी. मी सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडच्या तांड्यावर हळदीचं बेणं बघायला गेले होते, आणि बेणं राहिलं बाजूला.

वरून गोधडी पांघरलेली. तांड्यातल्या बायका करतात तशी, आरशांच्या भरतकामाची. खालून चाक दिसलं म्हणून मी कोपरा उचलला. दुसऱ्याच्या गोठ्यात असं करू नये, कळतं मला — पण हात गेला. आत अँबॅसिडर! पण नेहमीची नव्हे. छप्पर पार शेवटपर्यंत लांबत गेलेलं, डिकीच्या जागी खोलीच म्हणा ना, आणि दोन्ही अंगांना लांबच लांब काचा. रंग दुधाच्या सायीचा. गंजाचा ठिपका नाही. बोट फिरवून बघितलं, धूळसुद्धा लागली नाही.

मालक भीमसिंगदादा. सत्तरीचे असतील. कालव्याच्या कामावर एका ठेकेदाराचे ड्रायव्हर होते. ठेकेदार गाव सोडून गेला, गाडी दादांकडे राहिली. तांड्यातल्या कितीतरी नवऱ्या हिच्यातच बसून सासरी गेल्या म्हणे. पुढं बैल गेले आणि गोठा गाडीला मिळाला. "पोळ्याला हिलाच झूल घालतो आमी," म्हणाले. आता मुलं ट्रॅक्टर आणणार, आणि गोठा एकच. "उन्हात उभी न्हाई करनार तिला. त्यापरीस चांगल्या घरी दिल्याली बरी."

म्हणजे विकायची आहे! बेणं न घेताच परत आले.

१० एप्रिल

गाडीचा तो मागचा भाग डोळ्यांपुढून हलत नाही. ह्यांची गादी त्यात अंगासरशी बसेल.

मागच्याच्या मागच्या हंगामात हळद शिजवायला निघालेले हे ट्रॉलीवरून पडले. कण्याला मार. तेव्हापासून पाठीवर. बसवलं की जरा वेळात चेहरा पांढराफटक पडतो. आडवे असले की मात्र ठणठणीत! जेवतात, रागावतात, रेडिओशी भांडतात. फक्त घराबाहेर पडत नाहीत. कोणी भेटायला आलं की झोपेचं सोंग. आता कोणी येतही नाही.

डॉक्टर म्हणतात, आडवं न्या, बाहेर फिरवा, काही होत नाही. मी सगळं करून बघितलं. व्हॅन म्हटलं — "ती ॲम्ब्युलन्सच की. तिच्यात एकदा आलो, पुन्हा न्हाई." टेम्पो म्हटलं — "मी काय हळदीचं पोतं हाय?" आणि वर हे की माणूस आडवा होऊन घराबाहेर एकदाच जातो.

मला ह्या माणसाला ह्या खोलीबाहेर काढायचंय. एवढंच. बाकी माझं काही मागणं नाही.

१२ एप्रिल

कोमलचा हिंगोलीहून फोन. "आई, लोक जुन्या गाड्या भंगारात देऊन राहिले अन् तू घेऊन राहिली? काहून पण?" लेक आहे की सासू!

१५ एप्रिल

पुन्हा तांड्यावर. दादांनी पहिला प्रश्न टाकला — कशाला पाहिजे? भंगारवाला येऊन गेला होता, त्याला हाकलून दिला म्हणाले. मी खरं ते सांगितलं. मालक बसू शकत नाहीत, त्यांना निजवून न्यायचंय.

दादांनी मागची सीट पाडली, गोधडी अंथरली आणि म्हणाले, "मंग निजा."

"मी?"

"मालक निजनार न्हवं? मंग मालकिनीनं आधी निजून बघावं."

निजले! पन्नाशीची बाई, पाय लांब करून, भर तांड्यात. पोरं काचांना नाकं लावून बघत होती. लाजेनं मेले असते, पण गाडी निघाली आणि मी वर बघायला लागले. लिंबाचे शेंडे गेले. विजेच्या तारा. एक घार बराच वेळ सोबत होती. खड्डा आला तरी पाठीला झोका बसल्यासारखं झालं, हिसका नाही. हे सगळं ह्यांना दिसेल, असं मनात आलं आणि रडू फुटलं. दादा पुढं बघून गाडी चालवत राहिले. भला माणूस.

मग सौदा. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात. ही तशीच गेली पाहिजे, हा दादांचा हट्ट. पण परक्या बाईचा हात कसा धरायचा? मग त्यांची बायको नानीबाई मध्ये बसली. दादा तिची बोटं दाबणार, ती ओढणीखाली माझी. मला बोटांची भाषा कुठली येते! मला वाटलं, बाई मायेनं हात दाबतेय. मीही मायेनं दाबला. दोघंही खूश — सौदा पटला होता! कितीला पटला ते मला नंतर विचारावं लागलं. नशीब, परवडण्यासारखा होता.

१६ एप्रिल

ह्यांना सांगितलं. "घे. तूच फिर तिच्यात," म्हणाले आणि रेडिओ मोठा केला.

२० एप्रिल

गाडी आणायला गेले तर दादा विचारतात, "दावं आनलं का?"

जनावर विकलं तरी त्याच्या गळ्यातलं दावं द्यायचं नसतं, घराची बरकत दाव्याबरोबर जाते. हे मला सांगायला नको, माझ्या वडिलांनीही कधी दिलं नाही. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. पण मोटारीचं दावं?

"चावी," दादा म्हणाले. "तुमची तुमी आना."

गोठ्यातल्या खुंटीवर बैलांची जुनी दावी होती, त्यांच्याशेजारी चावी अडकवलीसुद्धा! कोमलला सांगितलं असतं तर तिनं डोक्याला हात लावला असता. मी भांडायला तोंड उघडलं, पण खरं लिहायचं तर मला ते बराबर वाटलं. हात हलवत परत. आता चावीवाला शोधा.

२४ एप्रिल

आली! हिंगोलीहून चावीवाला तांड्यावर नेला, नवी चावी झाली, गाडी आखाडा बाळापुरात दारापुढे आली. चालवत दादाच आले, कारण गिअरचा दांडा स्टिअरिंगला आहे आणि तसला गिअर इथं एकाला येईल तर शपथ.

मी चारी चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, वाटलं झालं. दादा हलेनात. "मालक कुठं हायत?"

खाटेवर आहेत, बाहेर येत नाहीत, म्हटलं.

"मंग कसं? मालकाचा हात पाठीवर पडल्याबिगर जनावर घरात रमत न्हाई."

आत जाऊन ह्यांना सांगितलं. "नको तमाशा." बाहेर आले तर गाडी दारात नाही! दादांनी ती उलटी घेत घेत घराच्या बाजूला नेली आणि थेट ह्यांच्या खिडकीला भिडवली. माझा कोथिंबिरीचा वाफा गेला चाकाखाली.

"मालक, हात लावा. मला एस.टी. गाठायचीय."

आतून रेडिओ मोठा झाला.

"एस.टी. चुकली तर हितंच मुक्काम करीन!"

मुक्कामी पाहुणा म्हटल्यावर ह्यांचा धीर सुटला. गजांतून हात बाहेर आला आणि छपरावर टेकला. मला वाटलं, लगेच काढतील. काढला नाही. पत्र्यावरून पुढं-मागं फिरत राहिला.

"पत्रा जाड हाय," हे म्हणाले.

"जुनं काम हाय ते," दादा म्हणाले, आणि एस.टी.ला पळाले.

३० एप्रिल

बाजारासाठी दादा गावात आले, आणि बाजार करायच्या आधी आमच्याकडे. हातात मऊ फडकं. विकलेल्या जनावराला भेटायला जावं लागतं म्हणे, नाहीतर ते वाट बघतं, खात नाही. गाडी काय खाते, असं माझ्या ओठांवर आलं होतं. खिडकीजवळची बाजू पुसायला त्यांना फार वेळ लागला. ह्यांनी झोपेचं सोंग घेतलं होतं. दादा गाडीशीच बोलत होते.

७ मे

दादांनी मला गिअर शिकवायला घेतलं. दुसरा म्हणून टाकला तो मागचा पडला आणि मी सरळ कडब्याच्या गंजीत!

खिडकीतून हसणं आलं. ह्यांचं! पोट धरून हसतात तसं. मी गंजीत, अंगावर कडबा, आणि मला इतका आनंद झाला की उतरायचं सुचेना. मग हे दादांना म्हणाले, "भीमसिंगदादा, तिला घरातबी असंच, पुढचं सांगितलं की मागचं कळतं." दादाही हसले. दोघांची गट्टी जमली, मी एकटी पडले. चालेल.

१४ मे

हळद कढईत शिजवलेली चांगली की वाफेच्या यंत्रातली? हे कढईचे, दादा वाफेचे. अर्धा दिवस गेला ह्यात. एक खिडकीच्या आत, एक बाहेर गाडीला टेकून. तीन वेळा चहा नेला. "संतरामभाऊ, तुमी पिवळी करता, शिजवत न्हाई!" — ह्यावर हे जे खवळले! गड्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. घरात असा आवाज किती दिवसांनी.

दादांचा बाजार राहिलाच. नानीबाईची बोलणी खाणार.

१६ मे

आज सरळ विचारलं. गाडी मला येते आता. धरणापर्यंत जाऊ, पाणी बघू, परत येऊ.

"न्हाई."

"काहून?"

"न्हाई म्हनलं ना."

ताट आपटलं मी. आपटलंच! एवढी गाडी आणली, गिअर शिकले, कोमलचे टोमणे ऐकले, आणि हा माणूस खिडकीतून हात काढून छप्पर चोळतो. तेवढ्यावर ह्याचं समाधान! मला राग येतो, आणि रागाखाली भीती आहे. हे असंच राहिलं तर?

२१ मे

दादा आले. माझा तिसरा गिअर बिनआवाजाचा पडला. "आता तिची तुमच्याशी ओळख पटली," म्हणाले.

२८ मे

बाजार भरला, दादा नाहीत. मी विचारायच्या आधीच हे म्हणाले, "ऊन लई हाय आज. म्हनून नसतील आले." उन्हातच येतात ते दर वेळी.

संध्याकाळी ह्यांनी फडकं मागितलं. खिडकीतून हात पोचला तेवढी गाडी पुसली.

४ जून

आजही नाहीत. दुपारी तांड्यावर फोन लावला, ह्यांनी स्पीकर लावून बाजूलाच ठेवायला लावला. नानीबाईनं उचलला. गोठ्यात ट्रॅक्टरच्या सांडलेल्या तेलावरून दादांचा पाय घसरला. मांडीचं हाड. खाटेवर आहेत.

"बोलून नाय राहिले कुनासंगं, शिवकन्याबाई. पोरं बोलली, पाव्हणे बोलले. कुनाला भेटतच न्हाईत. जा म्हनतात."

ह्यांनी सगळं ऐकलं. जेवले नाहीत.

५ जून

सकाळी चहा ठेवला तर म्हणाले, "गाडी काढ. तांड्यावर जाऊ."

मी कप हातात धरून उभीच. म्हटलं, कोणाला भेटत नाहीत ते.

"मला भेटतील. गादी टाक मागं."