प्रगती आहे

२ नोव्हेंबर १९९७, रविवार

गेल्या वर्षी त्या सकाळी मी मोरीपाशी बसून बोयांचे खवले काढत होते. नळाला पाणी आले होते, त्यामुळे एक हात माशावर आणि एक बादलीवर. माझे यजमान सॉलोमन छातीच्या एक्स-रेचा रिपोर्ट घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "वाच. इंग्रजी तुझ्याकडे." त्यांनी कंपनीत तीस वर्षे शिफ्ट केल्या, पण इंग्रजी कागद कधी स्वतः उघडला नाही. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचे सगळे वाचनालयात शिकले. हात पुसून वाचले. मागच्या फिल्मशी तुलना करता प्रोग्रेशन, असे होते. मी म्हटले, प्रगती आहे. ते म्हणाले, मग आज बोय तळ, कालवण नको.

सात आठवड्यांनी खोकल्यातून रक्त आले. मुंबईच्या इस्पितळात म्हणाले, उशीर केलात. डिसेंबरात गेले.

उशीर कोणी केला ते मला माहीत आहे. रोह्याचे हैबतराव डॉक्टर. एक्स-रे काढायला त्यांनीच पाठवले होते. पुढे सात आठवडे हातावर हात.

निश्चय: सॉलोमनच्या वर्षाच्या प्रार्थनेआधी डॉक्टरांवर तक्रार अर्ज. रडका नको. शास्त्रीय आधार देऊन.

४ नोव्हेंबर, मंगळवार

वाचनालयात कमळाकरांनी विज्ञानाच्या मासिकाचे दोन वर्षांचे गठ्ठे काढून दिले. दर अंकात 'नवे संशोधन' असे सदर आहे. म्हणाले, "सिपोराबाई, परीक्षेला बसताय का?" मी म्हटले, बसवणार आहे.

रोज वीस पाने वाचायची. आज सहा झाली. टाइप बारीक आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

भौतिकशास्त्र. विश्वातला बराचसा पदार्थ दिसतच नाही, नुसत्या ओढीवरून तो आहे असे कळते. शास्त्रज्ञांना याचे नवल वाटते आहे. घरात अकरा महिने तेच चालू आहे.

अर्जाला उपयोग नाही. तरी उतरवून ठेवले. चार पाने.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मिळाले. एकच फिल्म दोन डॉक्टरांना दाखवली तर कधी कधी दोघे दोन गोष्टी सांगतात. छापील आहे. म्हणजे चूक होऊ शकते. म्हणजे झाली. अर्जाचे पहिले पान लिहिले. अक्षर चांगले आले.

९ नोव्हेंबर, रविवार

काल शब्बाथ, विश्रांतीचा वार, त्यामुळे लिहिले नाही. (लिहिले, पण फाडले.)

शेजारची ठमाबाई आली होती. मी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बसले होते. म्हणाली, "काय गो, गेल्या मानसाचा फोटो काय बगत बसलीस? आतून कसा व्हता ता त्याच्यात थोडाच दिसनार हाय?" मी तिला बरगड्या दाखवल्या. ती म्हणाली, "वाळलेला व्हता, ता मला फोटोबिगर ठाव हाय."

मग अर्जाबद्दल सांगितले. तर म्हणते, "डॉक्टरचा मानूस आलाता ना तुज्या दारात? दोन येला आलाता. मी वाल सोलीत व्हते."

आला होता. कंपाउंडर होता. कंपाउंडरच्या निरोपाला डॉक्टरांचे बोलावणे म्हणत नाहीत. अर्जात हे घालण्याची गरज नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अर्थशास्त्र. हा विषय रुक्ष असेल असे वाटले होते. संशोधन असे, की माणूस हवी ती बातमी चटकन उचलतो आणि नको ती बघायलाही जात नाही, मग ती फुकट का मिळेना. हैबतरावांना तंतोतंत लागू. दुसऱ्या पानावर घेतले, खाली दोन रेघा.

१६ नोव्हेंबर, रविवार

लोकसंख्येचे वृद्धत्व. पुढच्या पन्नास वर्षांत जगात म्हातारे किती वाढतील याचे आलेख. आमच्या यहुदी लोकांना इतका वेळ लागला नाही. जवान इस्राएलला गेले, आलेख इथे राहिला. मुलगा आरोनही तिकडेच. त्याची पत्रे येतात, तू ये म्हणून. कामात आहे असे कळवले.

यावरून मलिदा आठवला. रिपोर्ट आला त्याच आठवड्यात केला. एलियाहू हन्नाबीला नवस बोलले होते, सॉलोमनना आराम पडला तर मलिदा करीन. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमवायला तीन गावे फिरले. नऊ मिळाले, दहावे एलियाहमामा रेवदंड्याहून एसटीने आणले. ऐकू येत नाही, पण पुरुष आहेत. पोहे, गूळ, खोबरे, फळे, सगळे रीतसर. सॉलोमन शेवटपर्यंत बसले. दोनदाच खोकले.

कंपाउंडर पहिल्यांदा त्याच संध्याकाळी आला. डॉक्टरांनी रिपोर्ट घेऊन लगेच बोलावलंय, म्हणाला. मी त्याला ताटलीत मलिदा दिला आणि प्रगती आहे असे सांगितले. नवस फेडला त्या दिवशी पुन्हा डॉक्टरकडे जायचे म्हणजे नबीवर भरवसा नाही असे झाले असते. हे कोणालाही पटेल.

अर्ज पाच पाने.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कंपाउंडर दुसऱ्यांदा आला तेव्हा सॉलोमन चप्पल घालत होते. मी म्हटले, कशाला, ते औषध वाढवतील. त्यांनी चप्पल काढली. माझे ऐकायचे.

हेही अर्जात नको. अर्ज मुद्द्याला धरून हवा.

२३ नोव्हेंबर, रविवार

अर्ज सात पाने. रोह्याला टायपिंगवाल्या काशीबाईंना दाखवला. म्हणाल्या, "सगळं आहे हो, पण डॉक्टर चुकला कुठे ते नाहीये." सुचवले की एखाद्या तिऱ्हाईत डॉक्टरचा दाखला जोडा. पेणला फिल्मा वाचणाऱ्या एक डॉक्टरबाई आहेत. गुरुवारी जाते. त्यांच्या दोन ओळी मिळाल्या की अर्ज पक्का.

३० नोव्हेंबर, रविवार

गुरुवारी पेणला गेले. डॉक्टरबाई तरुण, आरोनपेक्षा लहान. फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली. मग रिपोर्ट वाचला. त्या म्हणाल्या, यात चूक नाही. फिल्म बरोबर वाचली आहे, डाग जिथे आहे तिथेच दाखवला आहे. मी म्हटले, मग प्रगती असताना माणूस गेला कसा?

त्यांनी रिपोर्टातल्या त्या शब्दावर बोट ठेवले. मग हळू बोलल्या. "प्रगतीच आहे, आजी. पण आजाराची. प्रोग्रेशन म्हणजे गाठ वाढली. असा रिपोर्ट आल्यावर तुमच्या डॉक्टरांनी बोलावलं नाही?"

मी म्हटले, बोलावले होते.

"मग?"

मी फिल्म मागितली. त्यांनी पाकिटात घालून दिली. पैसे घेतले नाहीत. रिपोर्ट कोणी वाचून दाखवला होता, हे त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर मी सांगितले असते असे वाटते.

अर्ज पिशवीतच होता. एसटीत शेजारच्या बाईने विचारले, कोर्टाचं काम का? मी हो म्हटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूल ओलांडून हैबतराव डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. सतरावा नंबर मिळाला. दोन तास बसले. पेणला सांगायचे राहिलेले ते वाक्य तयार केले होते, सोपे होते, चार शब्दांचे. आत गेले. त्यांनी चष्मा काढला, बसा म्हणाले, काय होतंय विचारले. मी सांगितले, गुडघा दुखतो. कुठला, म्हणाले. मी डावा सांगितला.