ज्या विहिरीचा बेडूक

अहो,

खिचडी झाकून ठेवली आहे, दिवस मावळायच्या आत जेवून घ्या.

आज नळाला पाणी आलं नाही, म्हणून तुमच्या थोरल्या भावाच्या विहिरीवरून मी घागर मागवली. वाटण्या झाल्यापासून आपण त्यांचं पाणी पीत नाही, हे ठाऊक आहे. पण पोरांच्या तहानेला ते कोण सांगणार?

पाणी गाळताना फडक्यात अंगठ्याएवढं बेडकाचं पिल्लू निघालं. अंगणात सोडलं असतं, पण ज्या विहिरीचा जीव त्याच विहिरीत सोडायचा, हे तुम्हीच पोरांना शिकवता. म्हणून तांब्यात घालून मीच घेऊन चालले आहे.

जाऊबाई मला दारातून परत पाठवणार नाहीत. उशीर झाला तर न्यायला या. येताना रिकामी घागर आणा.

सायर