तिसरा आठवडा

विराक,
१४ ऑगस्ट

प्रिय मानाय पुरिता,

ताई, तुझी कंबर आता कशी आहे? हाँगकाँगच्या त्या बाई अजून तुला खिडक्या पुसायला चढवतात का? इथे सगळं ठीक. तुझा मेहुणा नुल्फो रोज अबाका-केळीचे धागे काढायला डोंगरावर जातो.

ठीक म्हणजे, मला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झालाय. आपल्या आईला होता तोच. फोनवर सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस.

गाठ मोठी आहे, आजूबाजूला सरकली आहे, पण लांब गेलेली नाही. डॉक्टर ताबुएना म्हणतात, आधी तीनदा केमो देऊन गाठ लहान करू, मग शस्त्रक्रिया. बीजकोश वाचवता येतील, एकोणचाळिसाव्या वर्षीच पाळी जाणार नाही. डॉक्टर तेवेस म्हणतात, बोटीने लेगास्पीला येऊन राहा. पाच आठवडे किरणं, दर आठवड्याला केमो, शेवटी आतून किरणं.

मी तेवेसना विचारलं, "जास्त कोण जगतं?"

"जगण्यात फारसा फरक दिसलेला नाही," ते म्हणाले. "पण किरणं घेतलेल्यांत रोग कमी उलटतो. आणि शस्त्रक्रियेनंतरही पुष्कळांना किरणं द्यावीच लागतात."

घरी आल्यावर नुल्फो म्हणाला, "अळूचा कांदा सडला तर उपटून फेकायचा. शेकत काय बसायचं?"

"मी अळू आहे का रे?"

तो डोळे पुसायला अंगणात गेला.

मानाय, मला काहीच कळत नाही. सकाळी शस्त्रक्रिया बरी वाटते, जेवेपर्यंत किरणं. ताबुएनाबाईंचं मला खरंच पटतं की त्या किरणांच्या खोलीत पुन्हा जायचं नाही म्हणून मी ते पटवून घेते?

तेवेस म्हणाले, "एकदा सुरू केलं की मध्ये सोडायचं नाही. अर्धवट राहिलं तर उपयोग नाही."

आईचे किरणांचे उपचार डॉक्टरांनी थांबवले, असं मी तुला कळवलं होतं. ते खोटं होतं. तिला जुलाब लागले होते. तिचे कपडे धुऊन, तिला उचलून मी थकले होते. तिसऱ्या आठवड्यात मीच म्हटलं, "आई, चल घरी." तिने एकदाही 'पुरे' म्हटलं नव्हतं. एवढंच म्हणाली, "तू म्हणशील तसं, पोरी."

पूर्ण केलं असतं तर ती वाचली असती का, ते मला माहीत नाही. तेवेसना विचारायचं धाडस झालं नाही.

१६ ऑगस्ट

पत्र दोन दिवस तसंच पडून होतं. आज तेवेसना सांगून आले, किरणं घेते. बरोबर निवडलं की चूक, अजूनही कळत नाही. त्यांनी कागदावर सही घेतली आणि विचारलं, "सोबत कोण राहणार?" नुल्फोचं नाव दिलं. तो कंटाळणार नाही. मी कंटाळेन, मानाय, त्याचीच भीती वाटते.

सोमवारी सुरू होतंय. तू ये म्हणायला मला तोंड नाही. रागावलीस तरी पत्र लिही, शिव्या घाल, पण तिसऱ्या आठवड्याच्या आत पोचेल असं लिही.

आईला घरी घेऊन आलेली,
दिव्हिना